दम्याचा रकाना

ऑफिसातल्या आम्हा चौघींचं अंदमानला स्कूबा डायव्हिंगला जायचं ठरलं, तेव्हा फॉर्म घेऊन मी काचीगुड्याला बाबांकडे गेले. आमच्या घरात फॉर्म बाबाच भरतात. जन्मभर सरकारी कारकुनी केलेला माणूस. आजार विचारला की 'नो' लिहायचं, हा त्यांचा नियम. शाळा, नोकरी, लग्नाचा बायोडेटा, सगळीकडे माझा दमा त्यांनी असाच बरा केला. पंप मात्र अजून माझ्या पर्समध्ये असतो.

दम्यापुढे त्यांनी झोकात 'नो' लिहिलं.

"बाबा, ह्या वेळी नक्को," मी म्हटलं. "तिथला डायव्हिंग शिकवणारा फोनवर सांगत होता, दमा असला तर वर येताना हवा छातीत अडकते, फुफ्फुस फाटतं. लोक गेलेत असे."

"हौ, आणि खरं लिहिलं की डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणतील. फुकटची झंझट!"

मला तरी कुठे घरी बसायचं होतं? मी गुमान चहा प्याले. बाबा एकेक रकाना भरत शेवटच्या पानावर आले. मृत्यू झाल्यास कोणाला कळवावं, असं तिथे विचारलं होतं. त्यांनी वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. नात्यापुढे 'वडील' लिहिलं. फोन नंबराचे चार आकडे झाले आणि पेन थांबलं.

मग त्यांनी पानं उलटी चाळली, पहिल्या पानावरचं 'नो' खोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'येस' लिहिलं.