अख्खी गोळी

बोका अंगठ्यात दात रुतवायचा, तशी मी त्याला टॉवेलात आणखी आवळायची. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटात रोज सकाळी हीच मारामारी. एका हाताने जबडा फाकवायचा, दुसऱ्याने शुगरची गोळी घशात लोटायची. तेवढ्यात मनगट फाटलेलं असायचं.

मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सुटलेली. पुण्यात माझं कुणी नाही. फ्लॅटच्या मालकांनी, काकांनी, स्वयंपाकाला ठेवलं, गच्चीवर राहायला खोली दिली. ते उपकार विसरणार नाही. पण बोका हा त्यांचा जीव. माझ्या हातून तो गेला तर खोलीही गेली, ही धास्ती सतत असायची.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळी अख्खीच द्या. दिवसभर हळूहळू सुटते ती. फोडलीत तर औषध एकदम अंगात भिनेल." घरी येऊन मी काकांना सांगितलंही होतं.

एकदा कणीक मळताना बोटातलं रक्त परातीत उतरलं. काका म्हणाले, "अहो, पोळ्यांना रंग कशाला?" दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत त्यांनीच बोक्याला खायला घातलं. "दिली गोळी. बघा, एक ओरखडा नाही!"

दुपारी बोका सोफ्यावरून कोसळला. डोकं फरशीवर आपटत राहिलं, पाय ताडताड उडत होते, तोंडातून फेस.

"काका, काय केलं जी तुम्ही?"

"दोन चमच्यांमध्ये दाबून चुरली, माशात कालवली." चेहरा पांढराफटक. "तुमचे हात बघवेनात."

मी फोन लावला. "साखर एकदम उतरलीय. हिरड्यांना मध चोळा, बोट दातांत जाऊ देऊ नका, आणि निघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चोळताना जबडा मिटलाच. दात हाडाला लागला. मी ओरडले, पण दुसऱ्या हाताने चोळत राहिले. रिक्षात काकांच्या सदऱ्यावर माझंच रक्त होतं. ते बोक्याला छातीशी धरून "श्वास घे, गाढवा" एवढंच म्हणत होते.

सलाईनवर बोका वाचला. काही दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली, कमी ताकदीची. त्या सकाळी काकांनी बाह्या वर सारल्या आणि टॉवेल माझ्याकडून ओढून घेतला. बोक्याने त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला.

"लोटा ना! मी इथे शोभेला उभा आहे का?"

मी लोटली. बोक्याच्या गळ्यातून ती खाली उतरली, अख्खी. तरीही काकांनी जबडा सोडला नाही; हातावरून रक्त टपटपत होतं.