नोव्हायचं घर विकलं आणि चौऱ्याहत्तर गॅलन पाणी घेऊन निघालो

चौऱ्याहत्तर गॅलन फुकटचं पाणी मला अकराशे चाळीस डॉलरना पडलं. हिशेब सोपा आहे: मागचे दोन टायर, भर हायवेवर मदतीला आलेल्या माणसाची फी, आणि टायर येईपर्यंत एका रात्रीचं मोटेल. पाणी मात्र खरोखरच फुकट होतं, आयोवातल्या एका कॅम्पग्राउंडच्या नळाचं. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण रिटायर झाल्यावर घर विकून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं मनात असलेले बरेच जण मला विचारतात, "काका, एकूण खर्च किती येतो?" ते तुम्ही कुठल्या गावचे यावर आहे. मी मनमाडचा.

आमच्या लहानपणी मनमाडला नळ पंधरा-पंधरा दिवस कोरडा असायचा. पाणी आलं की शाळा बुडवायची आणि घरातलं भांडं न भांडं भरायचं. हंडे, कळशा, पिंप संपले की आई वाट्यासुद्धा भरून ठेवायची. तिथून आयटीआय, मग पुण्यात टूलरूममध्ये नोकरी, मग डेट्रॉइट, आणि शेवटी तिथून जवळच नोव्हायला स्वतःचं वर्कशॉप. गाड्यांच्या कारखान्यांना लागणारी जिग-फिक्स्चर्स बनवायचो. अठरा माणसं कामाला होती. पासष्टाव्या वर्षी ते विकलं आणि बेसमेंटमध्ये बसून आरव्हीचे व्हिडिओ बघायला लागलो. माणसाच्या हातात एकदम इतका वेळ देऊ नये.

चोवीस फुटांची, सहा वर्षं वापरलेली गाडी घेतली. मग घर विकायला काढलं. चार बेडरूम, साडेतीन बाथरूम (अर्ध्यात नुसता संडास), सत्तावीस वर्षांचा संसार. मराठी मंडळाच्या निरोपाच्या जेवणात मी पुरीभाजीच्या रांगेत उभा होतो, आणि माझ्या मागे दोन काकू हळू आवाजात बोलत होत्या.

"घर विकलं म्हणे. बिझनेसमध्ये खोट आली असेल."

"छे, पैसा आहे. मुलीनं ठेवून घेतलं नाही वाटतं."

मी मागं वळून त्यांना श्रीखंडाची वाटी पुढं केली. माझे कान चांगले आहेत. वर्कशॉपमध्ये तीन मशीन चालू असताना चौथ्याचं बेअरिंग जायला आलंय, हे मला ऐकू यायचं.

खरी अडचण काकूंची नव्हती, शैलाची होती. शैला माझी बायको, काउंटीच्या लायब्ररीत तिनं चोवीस वर्षं काढली. घराच्या क्लोजिंगला, म्हणजे विक्रीच्या शेवटच्या कागदांवर सही करायच्या वेळी, तिनं पेन हातात धरलं आणि मराठीत सुरुवात केली. कागद पुढं करणारी बाई कौतुकानं बघत होती. तिला वाटलं असणार, म्हातारा-म्हातारी भावुक झालीत.

"अहो, सनीव्हेलपर्यंत येते मी. रेवाच्या दारात पोचल्यावर हो म्हटलं तर पुढं. नको म्हटलं तर गाडी विकायची आणि तिनं बघून ठेवलेला कॉन्डो घ्यायचा. तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही."

"कबूल."

"हुज्जत नाही."

"नाही."

मग तिनं सही केली. रेवा आमची एकुलती एक मुलगी, पार पश्चिम किनाऱ्याकडे सनीव्हेलला राहते. कॉन्डो म्हणजे फ्लॅट, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणजे माझ्याकडे पाच आठवडे आणि सुमारे अडीच हजार मैल होते. या पाच आठवड्यांत बायकोला रस्त्यावरचं आयुष्य आवडलं नाही तर माझा उरलेला जन्म लिफ्टच्या कॉन्डोत, पार्किंगची एक जागा सांभाळत जाणार होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पहिला मुक्काम नेपरव्हिल, जुन्या मित्राकडे. नोव्हायपासून तीनशे मैलांच्या आतच, पण शिकागोच्या आसपासच्या टोलनाक्यांवर चोवीस फुटी गाडी घेऊन लेन बदलताना मी बाप्पाचं नाव घेतलं, ते शैलाला ऐकू जाऊ नये म्हणून इंजिनाबद्दल बोलत राहिलो. मित्राची नात सात वर्षांची. तिनं गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "आजोबा, आर यू गाइज होमलेस?" मित्र तिला दटावायला लागला. शैला म्हणाली, "बरोबरच विचारतेय ती." तिथं माझा पहिला मार्क गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी मोहीम चालू केली. धंद्यात गिऱ्हाईक पटवायची माझी पद्धत होती: माल दाखवण्याआधी खिडकी उघडायची, उजेड बरा असला की फिनिश बरं दिसतं. तेच इथं. कॅम्पग्राउंडला आधी फोन करून तळ्याकाठची जागा मागायची. गाडी अशी लावायची की शैलाच्या सिंकसमोरच्या खिडकीतून पाणी दिसेल आणि शेजाऱ्याचा जनरेटर माझ्या बाजूला येईल. पाचच्या आत पोचायचं, म्हणजे ऊन उतरताना चहा बाहेर खुर्च्यांवर. आणि मैल्याची टाकी उपसायचं काम ती अंघोळीला गेली की उरकायचं. नवख्यांसाठी सांगतो: आधी काळी, म्हणजे मैल्याची, टाकी सोडायची, मग सिंकच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे लांब बाह्यांचे घ्या. का, ते विचारू नका.

खर्चाचं म्हणाल तर, स्टेट पार्कमध्ये रात्रीचे पंचवीस-तीस डॉलर, खासगी कॅम्पग्राउंडला पंचेचाळीस-पन्नास. त्यात वीज, सांडपाण्याची सोय, आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र नळ. पेट्रोलच्या गॅलनला नऊ मैल मिळाले तर देवाचे आभार माना. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, त्यामुळे शेगडी बाहेर टेबलावर मांडा. आयोवात शैलानं बाहेर कांदेपोहे केले तेव्हा चार जागा सोडून राहणारं एक जोडपं वास घेत आलं आणि बशी संपेपर्यंत गेलं नाही.

त्याच कॅम्पग्राउंडवर मी ते पाणी भरलं.

मी काय करतोय हे मला तेव्हा कळतसुद्धा नव्हतं. निघायच्या आधी समोर नळ दिसला, नळाला पाणी होतं, आणि टाकी पाऊण भरलेली होती. मी ती काठोकाठ केली. चव्वेचाळीस गॅलन. मग मागच्या कप्प्यातले पाच-पाच गॅलनचे सहा कॅन काढले, जे मी मिशिगनमध्ये सवलतीत घेतले होते, आणि तेही भरले. सगळं मिळून सहाशे पौंडांच्या वर वजन, त्यातलं बरंचसं मागच्या चाकांवर. आयुष्यभर लोखंडाची वजनं तोंडी सांगणारा माणूस मी. पाण्याला वजन असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. भरलेलं पाणी हे मनमाडच्या माणसाला फक्त बरं वाटतं.

नेब्रास्कात, कार्नी गाव मागं टाकलं आणि मागून आवाज आला. गाडी शेपूट हलवायला लागली. कशीबशी बाजूला घेतली. शैला पुस्तक वाचत होती. तिनं बुकमार्क घातला आणि मग विचारलं, "काय झालं?"

तासाभरानं वेन नावाचा लाल दाढीचा मेकॅनिक आला. त्यानं खाली वाकून बघितलं, मग मागच्या कप्प्यावर टकटक केलं.

"यात काय आहे?"

"पाणी."

"आणि टाकीत?"

"पाणीच."

"किती?"

"काठोकाठ."

त्यानं हायवेच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. "सर, चाललाय कुठं तुम्ही?"

"ओगलालाला. कॅम्पग्राउंड बुक आहे."

"तिथं नळ नाहीये का?"

"आहे ना. प्रत्येक जागेला एक," मी म्हणालो, आणि ते म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

वेन सभ्य माणूस. तो हसला नाही, टोपी काढून पुन्हा घातली. "दुसरा टायरही चाललाय. गाडी उचलायच्या आधी हे सगळं सोडा."

मी कॅन एकेक करून गवतात रिकामे केले. मग टाकीची तोटी उघडली. पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत खालच्या चरात जाऊ लागलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी दोनदा तोटीकडे हात नेला. शैला येऊन शेजारी उभी राहिली. आता ही बोलणार, आणि मोहीम इथंच संपणार, असं मी धरून चाललो.

"थोडं राहू दे का?" मी विचारलं.

"चहापुरतं ठेवा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अहो, इथं रोज येतं."

एवढंच. चिडून नाही, चेष्टेनंही नाही. चाळीस वर्षांत मला कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. मी तोटी तशीच उघडी ठेवली.

टायर दुसऱ्या दिवशी येणार होते. मोटेल शैलासाठी घेतलं. मी तिला सांगितलं, आणि वाचकहो तुम्हालाही सांगतो, कारण गाडीतल्या पलंगाबद्दल पुष्कळ जण विचारतात: मला झोपेला जागा लागत नाही. वर्कशॉपच्या पहिल्या वर्षी मी लेथच्या बाजूला गोणपाटावर झोपायचो, सकाळी उठून त्याच लेथवर उभा. ज्यांना गादी निवडावी लागते त्यांनी या भानगडीत पडू नये.

टायरच्या दुकानात दुसऱ्या दिवशी शैला कॉफीच्या मशीनपाशी रेवाशी फोनवर बोलत होती. मी मासिकात तोंड घालून कान तिकडे लावले.

"हो, पोचल्यावर सांगते. नाही गं, अजून ठरलं नाही. त्या कॉन्डोवाल्यांना थांबव, पण सोडू नकोस." मग आवाज खाली आला. "बाबांना काही बोलू नकोस हं. ते इतका प्रयत्न करतायत की बघवत नाही."

त्यानंतर वायोमिंगमध्ये मी प्रयत्न दुप्पट केले. हायवेपासून लांब, डोंगर समोर असलेली जागा मी पंधरा डॉलर जादा देऊन घेतली आणि शैलाला सांगितलं की ऑफिसातल्या बाईनं आपणहून दिली. "लोक किती चांगले असतात बघ." शैलानं मान हलवली.

पण त्या दिवसांत काहीतरी बदलत गेलं, आणि त्यात माझा हात नव्हता. गाडीचं मॅन्युअल तिनं पहिल्या पानापासून वाचून काढलं. जागेवर पोचल्यावर चाकांखाली ठोकळे लावून गाडी समतल करायचं काम ती करू लागली, हातात हवेचा बुडबुडा असलेलं लेव्हल घेऊन, माझ्या फोरमनसारखी. रिकाम्या रस्त्यावर तिनं स्टिअरिंग मागितलं आणि युटातल्या मिठाच्या पांढऱ्या मैदानातून नव्वद मैल चालवलं. मी शेजारी बसून सूचना करत होतो. तिनं रेडिओ लावला.

नेव्हाडात शेजारच्या गाडीत बार्ब नावाची कॅन्ससची बाई होती, सहा वर्षं एकटीच फिरणारी, बरोबर एक मांजर. शैला तिच्याकडे साखर द्यायला गेली ती तीन तासांनी आली. मला मधला एकच तुकडा ऐकू आला.

बार्ब विचारत होती, "तो दिवसभर असाच सूचना देतो?"

"नाही, नाही," शैला म्हणाली, "जेवताना थांबतो."

जूनमध्ये सनीव्हेलला पोचलो. रेवाच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी मावली, शेपूट फूटपाथच्या अलीकडे चार इंच. जेवायला पिठलं-भात होता. टेबलावर रेवाचा लॅपटॉप उघडाच होता.

"आई, आज सांगायचंय कॉन्डोवाल्यांना. दुसरं कुणीतरी मागतंय तो."

"देऊन टाकू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅन्सल कर."

मी भात कालवत राहिलो. अशा वेळी चेहरा हलू द्यायचा नसतो.

रेवानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आई, तू बाबांसाठी म्हणतेयस का हे?"

"त्यांच्यासाठी कशाला? सत्तावीस वर्षं साडेतीन बाथरूम धुतली मी. मंडळाचं नाटक आलं की बेसमेंटमध्ये बारा माणसं गाद्यांवर. कुणाचा भाचा इंटरव्ह्यूला आला, आमच्याकडे. सगळे म्हणायचे, शैलाताईंचं घर म्हणजे आपलंच घर. ते खरंच त्यांचंच होतं, मी फक्त चादरी बदलायची. गाडीत एक बाथरूम आहे, चार मिनिटांत पुसून होतं. आणि कुणी 'येतो' म्हणालं तर मी पुढच्या स्टेटमध्ये असते."

रेवानं लॅपटॉप जवळ ओढला. जावई पाणी आणायला उठला.

"आणि तुम्ही," शैला माझ्याकडे वळली, "वायोमिंगची जागा त्या बाईनं आपणहून दिली नव्हती. पावती सिंकखाली सापडली मला. नुसतं गप्प बसला असतात तरी मी हेच म्हणाले असते."

मला एवढंच विचारायचं होतं की मग मला पाच आठवडे का पळवलं. पण हुज्जत नाही असं कबूल केलं होतं.

प्रवास संपल्यावर घरी येऊन काय उरलं ते लिहायची पद्धत आहे. आम्हाला परत यायला घर नाही. नोव्हायला आता एक तरुण जोडपं राहतं, त्यांनी माझ्या बेसमेंटमध्ये म्हणे टेबल टेनिस मांडलंय. मला वाटलं होतं त्या घराची आठवण शैलाला येईल आणि तिची समजूत मी घालीन. ती आठवण तिला एकदाही आली नाही. घर विकायच्या विचारात असाल तर माझा सल्ला: बायकोला पटवू नका, तिला विचारा. पाच आठवड्यांची मेहनत आणि पंधरा डॉलर वाचतील.

आता शैला ओरेगॉनचा नकाशा घेऊन बसते. निघायची तारीख विचारते, आणि मी म्हणतो, ब्रेक एकदा दाखवून घेऊ. ब्रेक उत्तम आहेत. गाडी ड्राइव्हवेमध्ये उभी आहे, शैला रोज तिच्यात झोपते, आणि गेल्या एकोणीस रात्री मी आत, रेवाच्या गेस्टरूममधल्या मोठ्या पलंगावर झोपतोय.