मागाच्या खडखडाटातला आवाज

गोंगाट गाळणं हा माझा धंदा. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी सिग्नल प्रोसेसिंग शिकवतो, म्हणजे आवाजातला नको तो भाग काढून हवा तेवढा ठेवायचा. याचा मला थोडा माजही होता. त्यामुळे गल्लीतल्या काकांचा आवाज कंपवातानं पार बसला, तेव्हा म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

काकांनी जन्मभर माग चालवला. आता हात थरथरायचे, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. दुःख एकच होतं. पुण्यातली मुलगी फोन करायची, तिचे हे नाना बोलायचे, तिला काही ऐकू जायचं नाही. रेंज गेली समजून ती फोन ठेवायची. काका हातातल्या फोनकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे.

त्यांचा आवाज टिपून मोठा करणारा प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. त्यासाठी शांतता हवी, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाला शेजारच्या खोलीतले माग रोज तासभर बंद ठेवायला लावले. महिनाभर खपलो. मोठा झाला तो नुसता फुसफुसाट. शब्द कळेनात.

एके दिवशी भाऊ वैतागला. "सर, ऑर्डर हाय की अंगावर," म्हणाला आणि त्यानं माग सुरू केले. मी लॅपटॉप मिटणार, एवढ्यात काका दारातून त्यांच्या घरच्या तेलुगूत ओरडले, "धागा तुटला, थांबव." त्यांच्या गळ्यापाशी लावलेल्या माइकची पडद्यावरची रेघ उसळली आणि माझी महिनाभराची अक्कल उघडी पडली. हा माणूस उभा जन्म खडखडाटात बोललेला, आणि मी नेमका तोच बंद करून बसलो होतो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "सर, गोंगाटात सगळ्यांचाच आवाज चढतो. या दुखण्यात त्याचा उपयोगसुद्धा करतात. आधी विचारायचं नाही का?"

मग मी एवढंच केलं. काका बोलायला लागले की त्यांच्या एका कानात इअरफोनमधून मागाचा आवाज सुरू, थांबले की बंद.

रविवारी मुलीचा फोन आला. काकांनी विचारलं, "जेवलीस का?" गल्लीत राहून एवढं तेलुगू मला कळतं. पलीकडून काहीच आलं नाही. काका घाबरून माझ्याकडे बघू लागले. मग तिचा रडवेला आवाज आला, "नाना, ओरडू नका की. ऐकू येतंय मला."

काकांनी परत विचारलं, आणखी मोठ्यानं.