पाचवा शब्द

डिस्क भरत असताना अहवालातला टक्का कमी का होत गेला? या प्रश्नाचे उत्तर मी येथे मांडते.

"तुमच्या घरी झेंडू टोपलीनं विकतात. टक्का काय असतो ते तुले काय समजणार!" सर म्हणाले. सर आमच्या संगणक विभागाचे प्रमुख, अमरावतीच्या वकिलांच्या घरातले. 'तुले' हा शब्द त्यांनी मुद्दाम माझ्या तोंडचा काढला. तिघे कारकून हसले.

"सर, हिले टोपलीच मोजाले द्या," त्यातला एक म्हणाला.

अकोल्याच्या त्या महाविद्यालयात मी कंत्राटी संगणक सहायक होते. टेबलावर कागद तयार होता : 'माझ्या निष्काळजीपणामुळे डिस्क भरली व प्रात्यक्षिकाचे गुण नष्ट झाले.' खाली माझे नाव. सही केली, की पुढे कोणत्याही संगणकाजवळ मला कोणी उभे करणार नव्हते.

आता रीत सांगते. एक कमांड दिली, की संगणक प्रत्येक डिस्कची एक ओळ छापतो : नाव, एकूण जागा, वापरलेली, शिल्लक, आणि पाचवा शब्द भरल्याचा टक्का. सरांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर ओळ तोडी, पाचवा शब्द उचली आणि त्यातला आकडा अहवालात लिही. कंत्राटी माणसाने त्याखाली रोज सही करायची. मूळ कमांड देण्याची आम्हांला मनाई.

सरांनी निकालांची नवी डिस्क जोडली. तिच्या नावात दोन शब्द होते, मध्ये मोकळी जागा. सगळे शब्द एकेक घर सरकले. पाचव्या जागी शिल्लक जागेचा आकडा आला. अहवालात तोच टक्का म्हणून : चाळीस. मग बावीस. मग नऊ.

मला ते दिसले होते. विचारलेही होते, "सर, डिस्क भरून राहिली, तं टक्का कमी कावून होते?"

"प्रश्न नको. सही कर."

मी केली. भ्यायले म्हणून केली. हे लपवत नाही.

त्या दुपारी मात्र कागद बाजूला सारला आणि सरांच्या कीबोर्डवर कमांड दिली. ओळ उमटली. पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजले. एक. दोन. तीन. चार. पाचवा : शून्य. सहावा : शंभर टक्के.

कोणी हसले नाही.

"कोणाला विचारून हात लावलास?"

"नाई विचारलं. सही बी नाई करत."

दुसऱ्या दिवशी फाटकावर मला अडवले. कागदावरची सहीची जागा कोरीच राहिली.

नव्या जागी कोणी कागद पुढे केला, की छाती आजही धडधडते. धडधडू दे. मूळ ओळ पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. कोणी ओरडले तरी नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. डिस्कच्या नावात एक मोकळी जागा सोडा, पाचवा शब्द काढा आणि मूळ ओळीशी स्वतः ताडून पाहा.