अंगठ्याखालची पाकळी

एकादशीच्या दुपारी अंग हलकं झालेलं असतं. देवघराच्या भिंतीला पाठ टेकली की कालिंदीच्या डोळ्यांवर झापड येतेच. जपमाळ हातातून सैल होते, ओठ मात्र रोजच्या नेमाचं वाक्य पुटपुटत राहतात: माझं मन नको, आत बसलेल्या देवा, तुझं चालू दे.

संध्याकाळी कौल लावायचा आहे. लेकीला, क्षमाला, नर्सिंग शिकायला कोल्हापूरला पाठवायचं की नाही, ते देवाच्या पाषाणाला विचारायचं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पोरीनं जाऊ नये असं कालिंदीला वाटतं. पण तिच्या मनाला विचारतंय कोण?

"मी विचारते की," कोणीतरी म्हणतं.

पाटावर कुमुदवहिनी बसली आहे. थोरली जाऊ. ती गेली तेव्हा क्षमा रांगत होती. अंगावर तीच हिरवी साडी, पदर छातीशी गच्च धरलेला.

"वहिनी, तुम्ही? फराळ झाला?"

"मेलेल्याला कसला गं उपास! ऊठ, नंबर आलाय."

देवघराची पायरी उतरतात तो दवाखान्याचा लांबच लांब बोळ. उदबत्तीचा वास. बाकांवर बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या दोन्ही भुवयांवर ओली पाकळी. एकही हलत नाही.

"हेच ते कोल्हापूर," कुमुद म्हणते. "छातीतली गाठ काढायला आणणार होते ना मला? तू कौल लावलास. डावी पडली."

"देवाची इच्छा, वहिनी. मी कोण?"

"उजवी अंगठ्यानं दाबून बसवलीस. दाराआडून बघत होते मी."

"मी नाही हो. आतल्यानं करवून घेतलं."

"आतल्याला अंगठा असतो?"

बाकांवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात.

"रांगतं पोर होतं," कालिंदी हळूच म्हणते, "घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं..."

"मग तसं म्हणायचंस. तुझ्याशी भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या. देवाशी कशी भांडणार?"

कुमुद तिला स्टुलावर बसवते. "आज तू पाषाण हो. पाषाणाला मन नसतं. रोज तेच तर मागतेस." बर्फासारखी बोटं कालिंदीच्या कपाळावर दोन पाकळ्या चिकटवतात. "बोल रे देवा, क्षमानं जावं?"

पाणी ओघळतं. उजवी पाकळी सरकते.

"मान हलवू नकोस."

"नाही हलवत."

"हलवते आहेस."

उजवी आणखी सरकते, भुवईच्या टोकाशी येते. आणि कालिंदीचा हात उठतो. ती नको नको म्हणत असताना उठतो, अंगठा पाकळीवर टेकतो आणि दाबतो.

"आला बघ," कुमुद मायेनं म्हणते, "तुझा आतला."

"आई, झोपलीस?"

दारात क्षमा आहे, हातात कण्हेरीच्या फुलांची परडी. फुलं आत्ता तोडून आणलेली, देठ अजून चिकट. कालिंदी भिंतीशीच आहे, उजवा अंगठा कपाळावर रुतलेला. हात खाली घेते तर अंगठ्याला एक पाकळी. ओली.

"आज तू लावतेस का कौल?" कालिंदी विचारते.

"छे! तूच लाव. तुझा हात लागला की देव खरं बोलतो."

कालिंदी अंगठा मुठीत लपवते. मग ती म्हणते, "आज कौल नाही. जा तू. बॅग भरायला घे."

"देवाला न विचारता?"

"जा म्हटलं ना."

परडी तिथंच टाकून क्षमा आत पळते. कपाटाचं दार धाडकन उघडतं. 'थांब' हा शब्द कालिंदीच्या दातांपर्यंत येतो. दात घट्ट आवळून ती तो तिथंच अडवते, आणि नखानं अंगठ्यावरची पाकळी खरवडत बसते. कातडं निघतं. पाकळी निघत नाही.