डब्यात भरलेलं ऊन

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात हात रंगात आणि तोंड गप्पांत असतं, त्यामुळे किस्से आपोआप साचतात. यंदाचे सगळे मात्र मेणाच्या खोलीचेच निघाले. सांगताना हसू अर्ध्यावर थांबतं.

*

पावसाळ्यात शाडूच्या मूर्ती वाळत नाहीत. म्हणून भाऊंची, म्हणजे मालकांची बायको, आमच्या वहिनी, वर्षानुवर्षं बंद खोलीत कोळशाची शेगडी सांभाळायच्या. धुराने त्यांची छाती भरली. आता धूर नको, नाहीतर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊंनी रोह्याहून रफिकला बोलावलं. तो आखातात एसीच्या पाइपांचं काम करून आलेला. त्याने छपरावर काळा पत्रा बसवला, त्याखाली हवा ओढायला कारखान्यामागे एक पाइप सोडला, खोलीत मेणाचे डबे रचले. दिवसा पत्र्याखालच्या गरम हवेनं मेण वितळणार, रात्री गोठताना तीच ऊब सोडणार.

"म्हणजे ऊन डब्यात भरायचं," वहिनी म्हणाल्या. "मग पावसाळाभर पुरेल एवढं भरा."

"वहिनी, एका रात्रीचंच मावतं," रफिक म्हणाला.

*

मे महिन्यात खोली झकास चालली! भाऊंनी शेगडी माळ्यावर टाकली. दामूदादा रंगारी आपलं जेवण मेणाच्या डब्यांवर गरम ठेवू लागला. भाऊ चिडले, देवाच्या खोलीत बोंबील!

"आज वांगं हाय," दादा शांतपणे म्हणाला. "बोंबील काल होते."

*

मग आभाळ भरलं ते हटेना. मेण दगड झालं. रफिकने येऊन डबे ठोकून बघितले.

"खोलीत बिघाड नाय, भाऊ. वर ऊनच नाय."

मूर्ती ओल्या, गिऱ्हाइकांचे फोन चालू. दामूदादाने शेगडीचं नाव काढलं.

"ती पेटली तर कारखान्याला कुलूप लावीन," भाऊ म्हणाले. "मला बायको हवी हाय."

त्यानंतर रोज सकाळी ते आधी मेणाच्या डब्याला हात लावायचे आणि बाहेर येऊन आभाळाकडे बघायचे.

*

एका सकाळी, भर पावसात, त्यांनी सगळ्यांना हाक मारली. मेण वितळलेलं! ओली काळपट माती वाळून मूर्तींचा रंग उजळायला लागला होता. भाऊंनी लगेच रफिकला फोन लावला.

मी ब्रश धुवायला मागे गेलो. हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी ओली राख पडली होती. परत येताना माळ्याकडे बघितलं. शेगडीच्या जागी धुळीत नुसता गोल उरला होता.

आत भाऊ वहिनींचा हात धरून डब्यावर टेकवत होते. "बघ गो, ढगातून पण येतं ऊन."

वहिनींनी तोंडाशी पदर धरून खोकला आवरला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "येतं थोडं थोडं."