जिताड्यांच्या घासातले काटे

खाडीतल्या पिंजऱ्यात जिताडे मासे पाळणारी शेवंतामावशी मांदेलीची डोकी आणि काटे वाटून सोयाबीनच्या पेंडीत मळत होती.

"आधी मी काटे काढून टाकायचे," ती म्हणाली. "माशांच्या घशात अडकतील म्हणून. तर त्यांच्या पाठीच वाकड्या व्हायला लागल्या. मत्स्य खात्याचे साहेब म्हणाले, फॉस्फरस कमी पडतोय."

मला नवल वाटलं. कॅल्शियम मासा खाऱ्या पाण्यातूनच ओढून घेतो म्हणे, पण फॉस्फरस एवढ्या समुद्रातही पुरेसा नसतो. तो खाण्यातून, अशा काट्यांतूनच यावा लागतो. म्हणजे माशाचं हाड शेवटी दुसऱ्याच्या हाडातूनच घडतं.

मावशीने गोळे सोडले तसं पाणी उसळलं. एक वाकडा जिताडा मागेच राहिला. त्याच्यासाठी राखलेली मूठ तिने हळूच त्याच्यापुढे सोडली.

"याला मी फार जपलं होतं," ती म्हणाली.